सुई उडाली म्हणून

लाँगप्ले तबकडी कोरणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो तो खर्जाचा आवाज. लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर तापवलेली सुई खाच पाडत जाते. बास जितका दणदणीत, तितकी खाच जास्त डुलते, शेजारच्या खाचेच्या अंगावर जाते आणि एका बाजूला मावणारी मिनिटं घटतात. म्हणून १९५०च्या दशकात ठरलेल्या ‘आरआयएए’ मानकानुसार कोरताना खर्ज दाबतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर तो पुन्हा वाढवतो. तरीही एकूण जोर किती ठेवायचा, हे शेवटी कारागिराचा कानच ठरवतो. १९६९ साली न्यूयॉर्कमधल्या बॉब (रॉबर्ट) लुडविग या तरुण इंजिनिअरने ‘लेड झेपेलिन टू’ ही रॉक संगीताची तबकडी इतकी जोरकस कोरली की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई चक्क उडायला लागली. मग रेकॉर्ड कंपनीने बास कमी करून ती नव्याने कोरून घेतली. (दोष प्लेअरचा, शिक्षा तबकडीला!) आज शौकीन मात्र गाणी संपल्यानंतरच्या कोऱ्या पट्टीवर रॉबर्ट लुडविगची ‘आरएल’ ही आद्याक्षरं खरवडलेली जुनी प्रतच शोधत फिरतात आणि तिच्यासाठी कित्येक पट पैसे मोजतात. माझ्या मते ते पैसे वाया जात नाहीत.