तपासणी झाली, चिठ्ठीचे काय?

शाळेत डॉक्टरांची गाडी आली की पोरांना तो दिवस अर्ध्या सुटीसारखा वाटतो. रांग लागते. वजन-उंची घेतली जाते, अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, दात, जीभ, नखे पाहतात. दुपारनंतर गाडी निघून जाते. ज्या मुलांत काही दोष आढळला, त्यांच्या हाती मोठ्या दवाखान्यात दाखविण्याची चिठ्ठी दिलेली असते. आज बोलायचे आहे ते या चिठ्ठीविषयी.

आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाली. पुढे १९४६ मध्ये भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यातच जमा आढळली. त्या मानाने आजची व्यवस्था पुष्कळ बरी म्हटली पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा यावे, अशी त्याची आखणी आहे. जन्मजात व्यंग, पोषणाची उणीव, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी पाहिल्या जातात. पुढील उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, विनामूल्य होते.

म्हणजे योजना चांगली आहे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे, ही साधी गोष्ट आपण विसरतो. तपासणी फक्त बोट दाखविते. चालावे आपल्यालाच लागते.

माझ्याकडे एकदा एक आई आठवीतल्या मुलीला घेऊन आली. मुलगी अभ्यासात मागे पडते, डोके दुखते म्हणते, एवढीच तक्रार. पाहिले तर तिला फळ्यावरचे दिसतच नव्हते. दप्तर उघडायला लावले तेव्हा मराठीच्या पुस्तकात वर्षभरापूर्वीची चिठ्ठी घडी घालून ठेवलेली सापडली. घरी का दाखविली नाही, असे विचारले. "चष्मा लागला तर लोक हसतील," ती म्हणाली. एका चष्म्यावाचून त्या पोरीचे वर्ष गेले आणि वर "मठ्ठ" हा शिक्का बसला!

चष्म्याचे निदान नंतरही निभावते. सिकलसेलचे तसे नाही. पूर्व विदर्भात हा रक्तातील दोष बऱ्याच घरांत आढळतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन जी पहिली चाचणी होते, तिच्यातून रक्तात दोष आहे एवढेच कळते. मूल केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे दुसऱ्या, मोठ्या चाचणीनंतरच ठरते. चिठ्ठी हरवली तर मूल मधेच लटकते. वाहकाला औषध लागत नाही; पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी ते माहीत असलेले बरे. रुग्ण मुलाचे सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, वारंवार ताप येतो. शाळेत मात्र ते "ढोंग" ठरते. अशा मुलाला भरपूर पाणी प्यायला द्यावे, उन्हात उभे करू नये, थंडीत भिजू देऊ नये. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीने त्याचा रक्तक्षय बरा होत नाही. ती द्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरले आहे. दप्तरातली चिठ्ठी दप्तरातच राहिली तर हे उद्दिष्ट कागदावरच राहील.

मग दोष कोणाचा? केवळ पालकांना नावे ठेवून भागणार नाही. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावकडच्या खेड्यातून गोंदियाला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर बसचे भाडे. चिठ्ठीत काय लिहिले आहे, हेही घरी पुष्कळदा कोणाला वाचता येत नाही.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक शाळेने चिठ्ठी मिळालेल्या मुलांची एक वही ठेवावी. नाव, काय आढळले, कुठे पाठविले, गेला की नाही, एवढेच रकाने पुरेत. शाळा व्यवस्थापन समितीत २००९ च्या कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. समितीच्या बैठकीत मुलांची नावे न घेता, किती गेली आणि किती राहिली, हे वाचून दाखवावे. दुसरी, पथकाने धानाच्या रोवणीच्या दिवसांत शक्यतो येऊ नये. त्या दिवसांत गैरहजर राहणारी मुले बहुधा गरिबाघरचीच असतात आणि तपासणीची खरी गरज त्यांनाच असते. जी सुटली त्यांची यादी मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी. तिसरी, गावातील अशा सर्व मुलांना एकाच दिवशी, एकाच गाडीने दवाखान्यात न्यावे. ग्रामपंचायत आणि आशाताई मनावर घेतील तर हे अवघड नाही.

आणि पालकहो, शाळेत डॉक्टर येऊन गेल्याचे कानावर आले की त्याच संध्याकाळी लेकराला जवळ घेऊन विचारा, "चिठ्ठी मिळाली का?" रागावून विचारू नका, नाहीतर ती पुन्हा पुस्तकात दडेल.