एक मूल, एक कोंबडी

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. अंड्यावर बंदी नाही, एवढंच सांगितलं. शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत आणि अंडा पुलाव खुशाल द्यावा.

लोकसहभाग हा शब्द कागदावर फार छान दिसतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील ऊसतोडीला किंवा गुजरातकडे कामाला जातात. दोन वह्या मागितल्या तर एक आज आणि एक पुढच्या बाजारी मिळते. त्या घरांकडून दर आठवड्याला अंड्यासाठी वर्गणी गोळा करायची, हे काम निदान माझ्याच्याने होणार नाही. हे पैसे सरकारने परत सुरू केले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ही मागणी करताना तिच्यासोबत आणखी एक मागणी जोडावी असं मला वाटतं. अंडी गावातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायकांकडून घ्या.

अंडी मिळत होती तेव्हा ती कशी यायची ते बघा. बुधवारी कोणीतरी शिक्षक तालुक्याच्या गावाहून तीस-तीसचे ट्रे मोटारसायकलवर बांधून आणायचा. रस्ता आमच्याकडचा, म्हणजे चार-दोन फुटलेली धरूनच चालायचं. थंडीत बाजारभाव वर गेला की सरकारी दर आणि बिल यांच्यातला फरक कुणाच्या तरी खिशातून जायचा. आणि हे चालू असताना शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या उकिरड्यावर गावाच्या कोंबड्या पाय झाडत असायच्या.

हिशेब करून पाहू. देशी कोंबडी वर्षाला साधारण 50-60 अंडी देते. म्हणजे सरासरी आठवड्याला एक. मुलालाही आठवड्याला एकच हवं. एका मुलामागे एक कोंबडी! आमच्यासारख्या नव्वद-शंभर पटाच्या शाळेला शंभर कोंबड्या, आणि गावात त्याहून जास्तच असतील. प्रत्येक दारात दोन-तीन, कुणाकडे आठ-दहा.

अर्थात कोंबडी काही वेळापत्रक पाहून अंडी देत नाही. ती सलग बारा-पंधरा अंडी देते आणि मग खुडुक होऊन बसते. एकवीस दिवस उबवणार, पुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे फिरणार, तोवर अंडं नाही. बाईलाही सगळी अंडी विकून चालत नाही. काही उबवायला ठेवावी लागतात, काही पिल्लं घार नेते, काही बोका नेतो. म्हणून प्रत्यक्षात निव्वळ देशी कोंबड्यांवर शाळा चालणार नाही. त्यासाठी गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती आहेत. त्या परसातच फिरून दाणे-किडे टिपतात, देशीपेक्षा अंडी पुष्कळ जास्त देतात. पण त्या बहुधा खुडुक बसत नाहीत, त्यांची अंडी देशी कोंबडीखालीच उबवावी लागतात. दोन्ही असलेल्या बरं.

खरी अडचण वेगळीच आहे, ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. एकदा गल्लीत शिरला की चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. त्यावर लस आहे आणि ती महागही नाही. पण तिची बाटली शंभर-दोनशे डोसांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की काही तासांतच संपवावी लागते. पाच कोंबड्यांची मालकीण ती बाटली घेऊन काय करणार? त्यामुळे लस फार्मवाल्यांना मिळते आणि परसातल्या कोंबड्या नशिबावर जगतात. शाळेने अंडी घ्यायची ठरवली तर पशुधन पर्यवेक्षकाला बोलावून गावभर एकाच दिवशी लस देता येईल. एक बाटली, साठ घरं. दवंडी पिटायची गरज नाही, मुलं घरी जाऊन सांगतात आणि संध्याकाळी डालग्यात कोंबड्या घेऊन हजर होतात.

गावरान अंडं पौष्टिक आणि फार्मचं निकस, हा मुद्दा मी इथे मुद्दामच मांडत नाही. पिवळा बलक गडद असतो तो हिरवं खाल्ल्यामुळे. प्रथिनांत दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही, उलट फार्मचं अंडं आकाराने मोठं असतं. मूल उपाशी असेल तर त्याला कुठलंही अंडं द्या. माझं म्हणणं पैशाबद्दल आहे.

अंड्याचा पैसा हा आमच्या मोहल्ल्यात बाईचा पैसा असतो. शेताचा, मजुरीचा, दुकानाचा पैसा घरातल्या पुरुषाच्या हातून जातो. अंड्याचा जात नाही. एका विद्यार्थिनीची आई मला म्हणाली होती, "आपा, ये पैसे मेरे हैं, इसके अब्बा को हिसाब नहीं देती." त्याच पैशातून तिने मुलीची एसटीची पास काढली होती. सूरह निसामध्ये पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा वाटा आणि बायकांच्या कमाईत बायकांचा वाटा असल्याचं सांगितलं आहे. फिकहच्या पुस्तकांत तर नवऱ्याचा बायकोच्या मालमत्तेवर हक्क नाही, हे स्पष्टच आहे. वाज़मध्ये मात्र हा विषय क्वचित निघतो. परद्याबद्दल तासभर बोलणाऱ्यांनी या हक्काबद्दल पाच मिनिटं बोलावं.

दुसरा आक्षेप येतो तो रोगाचा. घराघरातून गोळा केलेली अंडी, बर्ड फ्लू आला तर? आक्षेप घेणाऱ्यांना नवापूर आठवत असावं. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या शेजारच्या नवापुरात सापडला. तो पोल्ट्री फार्मच्या शेडमध्ये उघडकीला आला आणि आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही त्यात मारल्या गेल्या. रोग कुठूनही येऊ शकतो, पण एकाच छपराखाली हजारो पक्षी असले की नुकसान एकदम होतं. शाळेपुरतं म्हणाल तर ताजं अंडं ओळखायला पाण्याची बादली पुरते. आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेकून द्या. आणि शाळेत अंडं उकडूनच द्यायचं आहे.

गावपातळीवर खरेदी सरकारला जमत नाही, असंही नाही. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत एपीजे अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना आहे. तिच्यात मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात आणि ती खरेदी गावातली आहार समिती करते. टेंडर नाही, जिल्ह्याच्या गोदामातून गाडी नाही. तिकडे पैसे उशिरा येतात ही तक्रार मीही ऐकली आहे. पण ती तक्रार पैसे उशिरा येण्याची आहे, पद्धतीची नाही. जी पद्धत अंगणवाडीत चालते ती दोनशे पावलांवरच्या शाळेत का चालू नये?

आता दर. शहरात गावरान अंड्याला बारा-पंधरा रुपये पडतात, गावात व्यापारी आठ देतो. सरकार फार्मच्या भावाचा विचार करून दर ठरवतं, त्या दरात बायका अंडं का देतील? मी तीन-चार जणींना विचारलं. व्यापारी आठ देतो पण पंधरा दिवसांनी येतो, फुटकी परत करतो आणि पैसे पुढच्या खेपेला देतो. शाळेने दर बुधवारी रोख दिले तर सात रुपयांतही देऊ, असं त्यांचं म्हणणं. एकीने वर हेही विचारलं, सुट्टीत काय करायचं? मे महिन्यात शाळा बंद, आणि त्याच दिवसांत उन्हाने कोंबड्याही कमी अंडी देतात, म्हणजे तिथे फारसं अडत नाही. दिवाळीच्या सुट्टीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिनेच दिलं, "तब मुर्गी बिठा देंगे, आपा."

पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय मी ठेवते आहे. निधी परत सुरू करा आणि खरेदी गावातूनच होऊ द्या, असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. तोवर लसीची बाटली तरी मागवून घेणार आहे.