देवाला घोडा आवडत नाही का?



आम्ही दोघी बहिणी बेळगावात आमच्या मंडळीचं संडे स्कूल चालवतो. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात आम्ही मुलांना प्रभूच्या यरुशलेम प्रवेशाचं चित्र काढायला सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या एका मुलाने प्रभूला चक्क घोड्यावर बसवलं. घोडा मात्र झकास होता. मान उंच, शेपूट वाऱ्यावर, चारही पाय हवेत. आम्ही त्याला समजावलं की प्रभू गाढवीच्या शिंगरावर बसून आला. घोडा लढाईचा, गाढव शांतीचं. जखऱ्या संदेष्ट्याने हे आधीच सांगून ठेवलं होतं (जखऱ्या ९:९-१०). मुलाने सगळं ऐकून घेतलं, खोडरबर हातात घेतलं आणि मग विचारलं, "टीचर, मग देवाला घोडा आवडत नाही का?"

तेवढ्यात वेळ संपली. पुढच्या रविवारी सांगतो, असं म्हणून आम्ही सुटका करून घेतली. पण घरी येताना दोघीही गप्प होतो. कारण एके काळी आम्ही घोड्यांशिवाय दुसरं काही काढतच नव्हतो.

आमचं लहानपण टांगा स्टँडच्या समोर गेलं. सकाळची गाडी यायच्या आधी टांगेवाले घोड्यांच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधायचे आणि आम्ही खिडकीत बसून एकाच वहीत चित्रं काढायचो. डावं पान थोरलीचं, उजवं धाकटीचं. थोरलीला डोकं छान जमायचं, धाकटीला पाय. कितीतरी घोडे दोघींच्या हातचे मिळून पुरे झाले.

मग आईचं आजारपण आलं, नोकऱ्या आल्या, लग्नं झाली. त्याच सुमाराला मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आमची वही चाळली. म्हणाले, "हात चांगला आहे पोरींनो, पण घोडे काढून देवाचं काय काम होणार? देवासाठी काहीतरी काढा." ते प्रेमानेच बोलले. आम्हीही ऐकलं. पुढची वीस-बावीस वर्षं आम्ही देवासाठी काढत राहिलो, म्हणजे नाताळच्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं चिकटवली, देवदूतांना पंख लावले, संडे स्कूलच्या तक्त्यांवर मेंढरं रंगवली. ते काम वाईट नव्हतं. पण घोडा पुन्हा काढला नाही. ती वही कुठे गेली, तेही आता आठवत नाही.

त्या रात्री पवित्र शास्त्र उघडून बसलो. घोड्याविषयी कडक बोल पुष्कळ सापडतात. राजाने आपल्याजवळ घोडे फार वाढवू नयेत, असं अनुवाद १७:१६ बजावतं. शलमोनाने नेमकं तेच केलं. त्याचे १४०० रथ आणि १२००० स्वार १ राजे १० मध्ये मोजून सांगितले आहेत. एका घोड्याला १५० शेकेल रुपे पडत, हा भावही तिथेच दिला आहे. स्तोत्रकर्ता तर दोनदा इशारा देतो की रथ-घोड्यांच्या जोरावर कोणी वाचत नाही (स्तोत्र २०:७, ३३:१७). पण नीट वाचलं तर ही तक्रार घोड्याविरुद्ध नाही. देवाला सोडून घोड्यावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाविरुद्ध ती आहे. आज आपली भिस्त बँकेतल्या ठेवींवर असेल, मुलांच्या परदेशातल्या नोकरीवर असेल. त्यात बिचाऱ्या घोड्याचा काय दोष?

मग आम्ही ईयोबाचा ३९वा अध्याय काढला आणि तिथेच थांबलो. ईयोब राखेत बसला आहे. मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोडं आहेत. त्याला देवाकडून एकच उत्तर हवं आहे: माझ्याच वाट्याला हे का? देव वावटळीतून बोलतो खरा, पण त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो सृष्टी दाखवत जातो, आणि दाखवता दाखवता घोड्यापाशी चांगला रेंगाळतो (ईयोब ३९:१९-२५). मानेवरची आयाळ, टोळासारखी झेप, नाकपुड्यांची फुरफुर, खुरांनी जमीन उकरणं, रणशिंग कानावर पडताच त्याला उभं न राहवणं, सगळं बारकाईने आहे. घोडा ज्याला मनापासून आवडतो, तोच असं बोलतो.

आणखी एक गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या कधी ध्यानात आली नव्हती. ईयोबाच्या संपत्तीची यादी पहिल्याच अध्यायात आहे: ७००० मेंढरं, ३००० उंट, ५०० बैलजोड्या, ५०० गाढवी. घोडा एकही नाही. शेवटी देवाने सगळं दुप्पट करून दिलं, त्या यादीतही (ईयोब ४२:१२) घोडा नाही. म्हणजे देव ईयोबाला असा प्राणी दाखवत होता, जो त्याच्या मालकीचा नव्हता, पुढे होणारही नव्हता आणि त्याच्या शेतीच्या काही कामाचाही नव्हता. "याचा तुला उपयोग काय" असं देव म्हणत नाही. "बघ" एवढंच म्हणतो. आणि त्या बघण्यात ईयोबाचं कण्हणं शांत होत जातं.

जखऱ्याचंही पुस्तक पुढे वाचलं. जो संदेष्टा नवव्या अध्यायात यरुशलेमेतून लढाईचे घोडे काढून टाकतो, तोच चौदाव्या अध्यायात (१४:२०) घोड्यांना परत आणतो. आता त्यांच्या गळ्यात घंटा आहेत. आणि त्या घंटांवर कोणते शब्द? महायाजकाच्या मंदिलावरच्या सोन्याच्या पट्टीवर जे कोरायला देवाने सांगितलं होतं (निर्गम २८:३६), नेमके तेच. त्याच वचनात मंदिरातली साधी भांडीसुद्धा वेदीपुढच्या कटोऱ्यांच्या तोलाची होतात. देवाच्या घरचं आणि तबेल्यातलं, असा भेदच तिथे उरत नाही.

मुलाचं उत्तर सापडलं होतं. वाटलं, त्याला एक घोडाही काढून द्यावा.

खरी फजिती इथून सुरू झाली. दोघींनी पेन्सिली घेतल्या, आणि कागदावर आलं ते कुत्रा आणि म्हैस यांच्या मधलं काहीतरी. एके काळी डोळे मिटून काढत होतो ते आता डोळे उघडे ठेवूनही जमेना. धाकटीने कागद चुरगाळला. थोरली म्हणाली, "राहू दे, आता वय झालं." खरं सांगायचं तर राग नव्हता, लाज होती. आपल्याला येतं, असं ज्याच्याविषयी इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं, तेच येत नव्हतं.

टांगे तर केव्हाच गेले. पण लग्नाच्या वरातीला घोडी देणारे एक चाचा गावाबाहेर राहतात. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, "घोडीच्या मागे उभ्या राहू नका." मग दोन स्टुलं दिली. अर्धा तास आम्ही रेघच ओढली नाही, नुसतं पाहिलं. घोडी एक मागचा पाय ढिला सोडून तीन पायांवर उभी होती. थोड्या वेळाने पाय बदलला. चाचा म्हणाले, ही उभ्यानेच डुलकी काढते. पुढच्या पायात मध्यावर दिसतो त्याला आम्ही लहानपणापासून गुडघा समजत होतो. खरं तर ते आपल्या मनगटाच्या जागेचं हाड. मागच्या पायाचा उलटा वाकलेला "गुडघा" म्हणजे टाच. आणि खूर म्हणजे एकाच बोटाचं नख. एवढं धूड चार नखांवर तोललेलं असतं! त्या दुपारी हे कळलं आणि आमची म्हैस हळूहळू घोडी व्हायला लागली.

मोठमोठ्यांचीही हीच गत झाली आहे. शतकानुशतकं चित्रकार धावता घोडा काढताना पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून काढायचे. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रं घेतली, तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. सगळ्यांनी घोडा पाहिला होता, पण समजुतीचं चित्र काढलं होतं. उलट जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचा एकेक स्नायू सोडवून त्यांची चित्रं काढली आणि १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेवरचं पुस्तक छापलं. त्या कामाला वासाचा, किळसाचा किती त्रास झाला असेल! पण त्याने देवाच्या हातची वस्तू तिच्या आतून वाचली.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. वर्षांनंतर पेन्सिल हातात घेणारा माणूस कौशल्य परत मिळवायला बसतो आणि हिरमुसतो. परत मिळवायची असते ती नजर. हात वीस वर्षांत बिघडतो खरा, पण तो बघण्याच्या मागे मागे येतो. प्रार्थनेचंही असंच नाही का? खूप दिवसांनी गुडघे टेकले की शब्द अडखळतात, आणि आपण समजतो की देव दूर गेला. तो जागेवरच असतो. आपल्याला फक्त थोडा वेळ गप्प बसून बघावं लागतं.

कोणी म्हणेल, इतकी आजारी माणसं भेटीची वाट बघत आहेत, मंडळीत स्वयंसेवक कमी, आणि तुम्ही घोड्यांमागे दुपार घालवता? हा प्रश्न खोटा नाही. आजाऱ्याची भेट चुकवून घोडा काढणं आम्हीही बरं मानणार नाही. पण जी दुपार टीव्हीसमोर जाते तिचा हिशेब कोणी मागत नाही, चित्राच्या दुपारचा मात्र मागतात. कोणी दुसऱ्या आज्ञेची आठवण करून देईल. ती आज्ञा मूर्तीला नमन करू नका म्हणते. ज्या देवाने ती दिली, त्यानेच बसालेलाला आपल्या आत्म्याने भरून कारागिरी शिकवली (निर्गम ३१:१-५).

आणि चांदीच्या नाण्यांचा दाखला (मत्तय २५)? आपल्याकडे तो फार वेळा चाबकासारखा वापरला जातो: देणगी पुरलीस, आता हिशेब दे. आम्हालाही त्या रात्री तोच आठवला आणि छातीत धस्स झालं. पण दाखल्यातल्या त्या चाकराने नाणं पुरलं ते आळसाबरोबरच भीतीपोटीही. धनी कठोर आहे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आम्हीही तेच ठरवलं होतं: देवाला फक्त उपयोगाची चित्रं चालतात. धाकाने पुरलेली देणगी धाकानेच उकरून काढली तर हाती काय लागणार? शिक्षा टळावी म्हणून काढलेल्या घोड्याला आयाळ असेल, पण तो फुरफुरणार नाही.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना आमची नम्र विनंती आहे. गाणाऱ्याला आपण गायला लावतो, बोलणाऱ्याला बोलायला, आणि हात चांगला असला की लगेच बॅनर पुढे करतो. बॅनर जरूर सांगा. पण एखादा नुसताच घोडा काढत बसला असेल, झाड काढत असेल, रांगोळीत मोर काढत असेल, तर "याचा उपयोग काय" हे विचारण्याआधी ईयोब ३९ एकदा वाचा. ज्याने सर्व काही निर्माण केलं, त्याला त्यातल्या एका वस्तूकडे कोणी प्रेमाने पाहिलेलं आवडत असेल. आम्हाला तरी आता तसंच वाटतं. ज्यांनी आम्हाला ते वाक्य सांगितलं, ते आज प्रभूजवळ आहेत. त्यांच्यावर आमचा राग नाही. पण ते वाक्य आमच्या तोंडून पुढच्या पोरापर्यंत जायला नको, एवढं आम्ही ठरवलं आहे. त्या दिवशी खोडरबर हातात घेतलेल्या मुलापर्यंत ते जवळजवळ पोहोचलंच होतं.

झावळ्यांच्या रविवारी त्याला उत्तर दिलं. सांगितलं, देवाला घोडा फार आवडतो. प्रभू त्या दिवशी गाढवावर आला, कारण तो लढायला आला नव्हता. आणि प्रकटीकरणात (१९:११) पांढरा घोडाही आहे, तेव्हा तुझं चित्र थोडं लवकर झालं एवढंच. तो हसला. मग आम्ही चाचांच्या घोडीचं चित्र त्याला दिलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "टीचर, मागचा पाय चुकलाय."

खरंच चुकला होता. आता दर दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघं चाचांकडे जातो.

हे प्रभू, जे आम्ही भीतीने पुरून ठेवलं ते प्रेमाने वर काढायला शिकव. तू केलेल्या वस्तूंकडे तुझ्यासारखं थांबून पाहायला शिकव. आणि आमच्या शब्दांनी कोणा लेकराच्या हातातली पेन्सिल खाली पडू देऊ नकोस. आमेन.