सेवा म्हणायची आणि बाँड लिहून घ्यायचा

नर्स परदेशी निघाली की 'पैशासाठी सेवा सोडली' म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिला काय काय पार करावं लागतं, हे त्यांना ठाऊक आहे? इंग्लंडचंच घ्या. इंग्रजीसाठी आयईएलटीएस दिली, तर ऐकणं, वाचणं, बोलणं यांत 7 आणि लिहिण्यात 6.5 गुण हवेत. मग संगणकावरची परीक्षा. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, ऑस्की, तिथे जाऊनच द्यायची. फी सुमारे 800 पौंड. ती पास होईपर्यंत पंधरा वर्षं आयसीयू सांभाळलेली बाईसुद्धा तिथे मदतनीसच!

रुग्णाच्या जिवासाठी परीक्षा हवीच, त्याबद्दल आमचं भांडण नाही. पण रुग्णालयाने खर्च केला, तर दोन-तीन वर्षांत नोकरी सोडल्यास पैसे परत करण्याचा करार अनेकींच्या गळ्यात पडतो. हा बाँडच की! आणि बाँड आपल्याला नवा थोडाच आहे? इथलीही कित्येक खासगी रुग्णालयं नर्सची मूळ प्रमाणपत्रं कपाटात कोंडून ठेवत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 50 खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 रुपये पगार द्या म्हटलं. तुमच्या गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरला किती मिळतात, एकदा तिलाच विचारा. मालकासमोर नको.