पेढे कशाचे वाटलेत?

गेल्या फाल्गुनात आमच्या आळीत पेढे वाटले गेले. साखर कारखान्यात टाइमकीपर असलेले आमचे शेजारी अण्णा, त्यांच्या थोरल्या मुलीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने एम. एस.साठी प्रवेश दिला. आणि नुसता प्रवेश नव्हे, तर वर्षाला १८,००० डॉलरची गुणवत्ता शिष्यवृत्ती! दोन वर्षांचे रुपये होतात तीस लाखांच्या घरात. तालुक्याच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, खाली ‘तीस लाखांची शिष्यवृत्ती’ असा मथळा. वाचनालयात सत्कार झाला. शाल, नारळ आणि दोन भाषणे. त्यांतले लांबलेले भाषण माझे होते. मी सरस्वतीपासून निघालो आणि सावित्रीबाईंवरून अमेरिकेत पोचलो. टाळ्या पडल्या. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी पुष्कळांवर तोंड टाकणार आहे आणि त्यांत माझाही नंबर लागतो.

त्याच रात्री साडेनवाला ती मुलगी माझ्याकडे आली. माझी जुनी विद्यार्थिनी. पाचवी ते सातवी तिचे गणित माझ्याकडे होते. हातात दोन पत्रे. म्हणाली, “गुरुजी, दुसऱ्याही एका ठिकाणाहून आलंय. तिथली शिष्यवृत्ती दोनच हजार आहे, म्हणून बाबांनी ते कुणाला सांगितलंच नाही. पण मला बेरीज काही जमत नाहीये.”

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. अमेरिका मी नकाशात पाहिली आहे. पण बेरीज-वजाबाकी मला येते, आणि ह्या प्रकरणात तेवढीच लागते हे मला त्या रात्री कळले.

पहिल्या विद्यापीठाची वर्षाची फी ४४,००० डॉलर. शिष्यवृत्ती १८,००० वजा जाता राहिले २६,०००. गाव मोठे, तेव्हा राहणे-जेवण वर्षाला १८,०००. आरोग्य-विमा आणि किरकोळ शुल्के ४,०००. एकूण ४८,०००. दुसऱ्याची फी मुळातच २२,०००. शिष्यवृत्ती २,०००, म्हणजे राहिले २०,०००. गाव लहान, राहणे-जेवण ११,०००, विमा वगैरे ३,०००. एकूण ३४,०००. ज्या पत्रावर पेढे वाटले ते वर्षाला १४,००० डॉलरने महाग होते! दोन वर्षांचे २८,०००, म्हणजे चोवीस लाखांच्या आसपास. आजीच्या नावावरचे तीन एकर बागायत आणि राहते घर बँकेकडे तारण पडणार होते; त्या चोवीस लाखांत वाचणार होते की नाही, हा प्रश्न होता. आणि तीस लाखांची म्हणून जिची आरती झाली ती शिष्यवृत्ती ह्या प्रश्नाचे उत्तर देत नव्हती, ती प्रश्न झाकत होती.

पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत आणखी एक अट होती. पहिल्या वर्षी चारपैकी साडेतीनच्या वर सरासरी राखली नाही, तर दुसऱ्या वर्षी हे १८,००० बंद. परक्या देशात, परक्या भाषेत, पहिल्याच थंडीत एखाद्या विषयात पोर घसरली, की चालू रस्त्यात पूल काढून घेतल्यासारखे. दुसऱ्या पत्रात अट तीनचीच होती. अण्णांचे मेहुणे म्हणाले, “कमी पडले तर हॉटेलात काम करील.” त्यांना सांगावे लागले, की विद्यार्थ्याच्या व्हिसावर तिथे विद्यापीठाच्या आवाराबाहेर असे काम करता येत नाही, आवारात करता येते, तेही सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच, आणि ते मिळाले तर.

आता खरी गंमत पुढे आहे. पहिल्या पत्रात बजावले होते, की १५ मार्चच्या आत ५०० डॉलर अनामत भरून होकार कळवावा, नाहीतर शिष्यवृत्ती दुसऱ्याला जाईल. पण अमेरिकेतल्या पदव्युत्तर विद्यालयांच्या परिषदेचा एक जुना ठराव आहे. विद्यार्थ्याला दिलेल्या आर्थिक साहाय्याला त्याने १५ एप्रिलच्या आधी होकार-नकार देण्याचे बंधन नाही, असे तो सांगतो, आणि शेकडो विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सह्या करणाऱ्यांची यादी कुणालाही पाहता येते. मुलीने ती शोधली. आमचे विद्यापीठ त्या यादीत होते! तिने नम्रपणे पत्र लिहिले: ठराव असा आहे, मला महिनाभर मुदत द्यावी, शिवाय दुसरीकडचा एकूण खर्च इतका कमी आहे, माझ्या वडिलांना तो झेपतो. उत्तर आठ दिवसांत आले. अनामत रक्कम प्रवेशाची आहे, शिष्यवृत्तीची नाही, सबब ठराव मोडत नाही, असा पहिला परिच्छेद. (ह्या परिच्छेदाच्या लेखकाने आमच्या तालुका कचेरीत येऊन नोकरी करावी, मान मिळेल.) आणि दुसरा परिच्छेद असा, की आपल्या गुणवत्तेचा फेरविचार करून समितीने शिष्यवृत्ती १८,०००वरून २२,००० केली आहे.

अण्णांना आनंद झाला. माझे मात्र डोके फिरले.

अहो, ह्या मुलीची गुणवत्ता आठ दिवसांत चार हजार डॉलरांनी वाढली कशी? तिने ह्या आठ दिवसांत कोणता सिद्धांत मांडला? तिचे पदवीचे गुण तेच, परीक्षांचे आकडे तेच, शिफारशीही त्याच. वाढले असेल तर एवढेच, की तिच्या हातात दुसऱ्या दुकानाचे दरपत्रक आहे हे त्यांना कळले. साड्यांच्या दुकानात आपण उठून दाराशी गेलो की मालक हाक मारतो, “वहिनी, बसा तर खरं, तुमच्यासाठी म्हणून कमी करतो.” त्या हाकेला आपण वहिनींची गुणवत्ता म्हणत नाही. तो धंदा आहे, आणि तो दुकानदार निदान त्याला धंदा म्हणतो.

शिष्यवृत्ती हा शब्द आमच्या कानाला निराळा लागतो, तो उगाच नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ साली मिळाली. तिच्यासाठी कुणी फी आधी दुप्पट करून ठेवली नव्हती. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. आणि त्याबद्दल परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची असा करार झाला. अट कडक होती, पण उघड होती. पुढे १९१७ साली त्याच बडोद्यात त्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही, ती आपल्या समाजाची लाज. ती वेगळी गोष्ट. पैशाबद्दल म्हणाल तर देणाऱ्याच्या तिजोरीतून पैसा निघाला आणि घेणाऱ्याच्या हाती पडला. आमच्या मुलीच्या १८,०००पैकी एक डॉलरही कुणाच्या तिजोरीतून निघणार नव्हता. विद्यापीठाने स्वतःच ठरवलेल्या फीतून स्वतःच तितकी कमी मागितली, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या खासगी महाविद्यालयांत आज पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना छापील फीवर सरासरीने निम्म्याहून अधिक सूट दिली जाते. सरासरीच निम्म्याच्या वर असेल, तर छापील फी ही किंमत नसून सूट लटकवायची खुंटी आहे.

माझे एक प्राध्यापक मित्र आहेत, शहरातले, अर्थशास्त्राचे. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही भाबडे. स्पर्धा आहे म्हणून तर पोरीला चार हजार जास्त मिळाले. स्पर्धा नसती तर?” आणि त्यांनी मला एक हकिगत सांगितली, ती त्यांच्या बाजूची आहे तरी सांगतो. तिकडची हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित विद्यापीठे पदवीला गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, घरची गरज पाहून देतात. ती आठ, एम. आय. टी. आणि आणखी काही मिळून दर वसंतात बैठक घेत, आणि एकाच मुलाला दोघातिघांनी प्रवेश दिला असेल तर त्याला सगळीकडून सारखेच साहाय्य पडेल असे ठरवीत. १९५०च्या दशकापासून हे चालले. १९९१ साली सरकारने खटला भरला, की ही भाव ठरवणाऱ्यांची टोळी आहे. आठांनी तडजोड केली, एम. आय. टी. एकटे भांडले आणि १९९३ साली त्यांचीही तडजोड झाली. पुढे १९९४च्या कायद्याने, प्रवेश देताना ऐपत न पाहणाऱ्यांना गरज मोजण्याची समान पद्धत ठरवायची मुभा मिळाली. ती २०२२ साली संपली. त्याच वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी अशा बड्या विद्यापीठांवर दावा लावला, की तुम्ही ऐपत पाहत होताच आणि संगनमताने आम्हाला कमी दिलेत. दोष मान्य न करता २०२४पर्यंत दहा विद्यापीठांनी मिळून २८ कोटी ४० लाख डॉलर मोजून त्यातून अंग काढून घेतले.

“पाहिलंत?” मित्र म्हणाले. “एकी केली तरी पोराचं नुकसान.” मी म्हटले, पाहिले. बंद खोलीत बसून ठरवले तेव्हा पोर खोलीच्या बाहेर उभे होते, आणि आता उघडा बाजार मांडला आहे तर त्यात ते एकटे उभे आहे. भाव करण्याचे ज्याला सुचेल, ज्याच्या हातात दुसरे पत्र असेल, ज्याच्या घरात इंग्रजीत खोचक पत्र लिहिणारे कुणी असेल, त्याला चार हजार जास्त. जो लाजून गप्प बसेल त्याला नाही. आणि गप्प बसणारा कोण असतो हे चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभ्या राहणाऱ्याला विचारा. तेव्हा सूट द्यायची तर द्या, पण तिला गुणवत्ता म्हणू नका. गप्प बसलेल्या मुलाला त्याचा अर्थ असा कळतो, की आपल्यात काही कमी आहे.

आणि पत्र सरळ लिहा. अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ साली तिकडच्या महाविद्यालयांची साहाय्याची पत्रे तपासली. शंभरांतल्या सुमारे ९१ महाविद्यालयांच्या पत्रांत विद्यार्थ्याला पदरचे एकूण किती भरावे लागेल हा आकडा एकतर नव्हता, नाहीतर खऱ्यापेक्षा कमी दाखवला होता. किराणा दुकानाची चिठ्ठीसुद्धा खाली एकूण लिहिते!

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? बारावीच्या टक्क्यांप्रमाणे पंचवीस टक्के, पन्नास टक्के शिष्यवृत्ती देणारी खासगी विद्यापीठे आता आपल्या हमरस्त्यांवर फलक लावतात. सात दिवसांत पैसे भरलेत तरच, असे खाली लिहिलेले असते. फी किती, ते फलकावर नसते. क्लासवाले मुलांचे फोटो आणि कोटींचे आकडे छापतात, वर्तमानपत्रे तेच उचलतात, आणि माझ्यासारखे मास्तर शाल पांघरून सरस्वतीला मध्ये ओढतात. वजा किती गेले हे सगळे सांगतात. उरले किती, हे विचारले की अपशकुन केल्यासारखे बघतात.

वाढीव २२,००० धरूनही पहिले विद्यापीठ वर्षाला १०,००० डॉलरने महागच होते. आठ दिवस अण्णा ऐकेनात. दुसऱ्या विद्यापीठात तोच विषय, तीच पदवी होती. पण पेढे वाटून झालेले, फोटो छापून आलेला, आता दोन हजारवाल्याकडे जायचे म्हणजे लोक काय म्हणतील? शेवटी आजीने विचारले, “जमीन कोणत्या कागदात कमी अडकते?” मुलीने दुसरे पत्र पुढे केले. आजीने त्यावर बोट ठेवले आणि ती देवापुढे दिवा लावायला उठून गेली.

नकाराचे पत्र लिहायला मुलगी माझ्याकडेच बसली. “कारण काय लिहू, गुरुजी?” मी म्हटले, आकडे लिही. तिने एकाखाली एक दोन बेरजा लिहिल्या, खाली आभार मानले आणि पत्र धाडले. चार दिवसांनी उत्तर आले. समितीने आपल्या गुणवत्तेचा पुन्हा विचार केला असून आणखी २,००० डॉलर देता येतील. कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.