रिमोट त्यांच्या हातात राहू द्या



"आता डीव्हीडी कोण बघतं? तो खोका भंगारात देऊन टाका," असं हल्ली घरोघरी ऐकू येतं. माझं मत उलट आहे. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल आणि प्लेअर धडधाकट असेल, तर तो ठेवा. डाउनलोड केलेली प्रवचनं त्यावर चालतील अशी करून द्या.

माझ्या सासूबाई ८७ वर्षांच्या आहेत. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपलं की त्यांना प्रवचन ऐकायचं असतं. फोनच्या काचेवर त्यांचं बोट ठरत नाही. एक उघडायला जावं तर दुसरंच उघडतं, मध्येच जाहिरात येते. मग नातू मोकळा होईपर्यंत वाट बघायची. रिमोटचं बटण मात्र बोटाला लागतं. शिवाय डिस्क संपली की संपली, पुढचं काही आपोआप सुरू होत नाही. बघण्यालाही परिमाण हवं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मुलगा म्हणतो, पेनड्राइव्ह टीव्हीला लावा, रूपांतराची कटकटच नको. ज्यांना पडद्यावरची बारीक यादी वाचता येते त्यांच्यासाठी ते ठीक आहे. डिस्क हातात घेऊन ओळखता येते. तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहायचं. कागद मात्र चिकटवू नका.

पुष्कळ जणी फाइल जशीच्या तशी डिस्कवर कॉपी करतात आणि प्लेअर ती घेत नाही. त्यात प्लेअरचा दोष नसतो. डाउनलोड केलेली फाइल बहुधा एमपी४ असते. साध्या प्लेअरला एमपीईजी-२ लागतं, तेही ठरावीक फोल्डरमध्ये मांडलेलं. म्हणजे कामं दोन, रूपांतर आणि मांडणी. डीव्हीडीस्टाइलर हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही करतं. त्यात आपल्याकडचा 'पाल' प्रकार निवडायचा, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतला 'एनटीएससी' नको.

आता कॉमर्सवालीचा हिशोब. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार केला की सेकंदाच्या वाट्याला साधारण ५ मेगाबिट येतात आणि चित्र स्वच्छ दिसतं. त्याच डिस्कवर चार तास कोंबले की वाटा निम्म्यावर येतो आणि महाराजांचा चेहरा चौकटी-चौकटींचा दिसायला लागतो. मिळकत ठरलेली असली की खर्च बेतानेच करावा लागतो, तसंच हे. म्हणून एका डिस्कवर दोनच तास ठेवा. मूळ फाइलच अंधुक असेल तर रूपांतराने ती उजळत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक. ज्यांनी डाउनलोड करायला परवानगी दिली आहे, तेवढंच घ्या. न दिलेलं घेऊ नये, हे आपलं अणुव्रतच आहे.

हे काम मुलांवर सोपवून मोकळ्या होऊ नका. पापडाचं पीठ भिजवताना पाण्याचा अंदाज ज्यांना येतो, त्यांना हा हिशोब जड नाही. एक दुपार बसलात तर जमेल. आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला औषध वेळेवर देतो, मऊ भात करून देतो. पण आज काय ऐकायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांचं त्यांना ठरवता यावं, ही सोयही सेवेतच मोडते. चातुर्मासाला अवकाश आहे, तोवर चार-पाच डिस्क सहज तयार होतील.