रंग द्यावा की पॉलिश करावे?

शाबान लागला की आपल्या घराघरांत आवराआवर सुरू होते. भिंती, खिडक्या, दरवाजे, सगळ्यांची पाळी येते. त्याच वेळी कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी कपाटाकडे किंवा पेटीकडे घरातल्या सर्वांचे लक्ष जाते. ‘पांढरा रंग मारला की खोली उजळेल,’ असे मुले म्हणतात. ‘सागवानाला कुणी रंग मारते का?’ असे थोरले विचारतात. या वादात बहुतेक घरांत रंगाच्या डब्याचा विजय होतो, कारण तो दुकानात लगेच मिळतो आणि चांगला पॉलिशवाला शोधावा लागतो.

यंदा आमच्या घरीही हा प्रश्न आला. दादीचे दोन दारांचे, आरसा लावलेले कपाट गावच्या घरातून आमच्याकडे आणले, ते मुलीच्या खोलीत ठेवायचे होते. तिला ते पांढरे हवे होते. खोलीत उजेड कमी आहे, काळपट कपाटाने ती आणखी अंधारते, असे तिचे म्हणणे. ते खोटे नव्हते. म्हणून हट्टाला हट्टाने उत्तर न देता काही गोष्टी तपासून मगच ठरवायचे, असे आम्ही ठरवले. वाचक भगिनी-बंधूंना त्या उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न लाकडाचा नाही, मालकीचा आहे. कपाट कोणाचे? दादीच्या निधनानंतर जमिनीची आणि दागिन्यांची वाटणी झाली होती. कपाट, पेटी, तांब्याची भांडी मात्र ‘राहू दे घरात’ म्हणून तशीच राहिली होती. असे पुष्कळ घरांत होते. परंतु मयताचे कफन-दफन, कर्ज आणि वसियत यांतून जे उरते तो सर्व तर्का असतो आणि त्यात सर्व वारसांचा हिस्सा असतो. सूरह निसातील वारशाचा हुकूम माल थोडा असला तरी लागू आहे. शेतजमिनीत फूफीचा हिस्सा आणि कपाटात नाही, असा काही नियम नाही. म्हणून अब्बांनी चाचांना आणि फूफीला फोन केला. चाचा हसून म्हणाले, “घेऊन जा, मला कुठे ठेवायचे!” फूफी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझा हिस्सा मी खुशीने सोडला. फक्त डाव्या दाराची आतली बाजू घासू नका.”

तेव्हा कुठे आम्ही ते दार नीट उघडून पाहिले. आतल्या फळीवर शिसपेन्सिलीने उर्दूत बारीक नोंदी होत्या. कोणाचा जन्म कोणत्या दिवशी, कोणाला गोवर कधी निघाला, कोणत्या साली विहीर आटली. दादी शाळेत फार शिकलेली नव्हती, पण लिहायची. आमच्या शाळेत आम्ही मुलांना इतिहासाची साधने शिकवतो. हे साधन आमच्याच घरात होते आणि रंगाच्या एका हाताने कायमचे झाकले गेले असते. तेव्हा कोणतीही जुनी वस्तू रंगवण्यापूर्वी खणांच्या तळाशी, दारांच्या आत, पाठीमागे जरूर पाहावे. तारखा, सुताराचे नाव, लग्नातल्या सामानाचा आकडा, काहीही निघू शकते.

दुसरा प्रश्न लाकूड कोणते? बाहेरून सारे सारखेच काळे दिसते, म्हणून खण बाहेर काढून त्याची खालची बाजू पाहावी. तिथे सहसा पॉलिश नसते. सागवान सोनेरी तपकिरी असते, त्याच्या रेषा ठळक असतात आणि हाताला किंचित तेलकट लागते. शिसवी लाकूड जड आणि गडद, जांभळट झाक असलेले. पॅकिंगच्या खोक्यांचे लाकूड हलके, फिकट आणि गाठींचे असते. वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवून आत वेगळेच लाकूड असेल, तर कडेला दोन थर दिसतात. असा पापुद्रा जोरात घासला तर फाटतो, म्हणून तिथे घासकाम अगदी बेताचे.

तिसरा प्रश्न, वर आधीच काय लावले आहे? यासाठी एक सोपी परीक्षा आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट धरावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग आला तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश. लाख हा एका बारीक किड्याचा स्राव आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर हे किडे लाख तयार करतात. रांचीजवळ लाखेवर संशोधन करणारी संस्था 1924 पासून आहे. या पॉलिशचा मोठा गुण असा की ते स्पिरिटने विरघळते. त्यामुळे जुना थर पूर्ण न खरवडताही नवा हात जुन्यात मिसळतो. दोष असा की गरम पातेले किंवा ओला पेला ठेवला की पांढरे डाग पडतात. स्पिरिट पेट घेते, तेव्हा ही परीक्षा चुलीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून करावी.

आमच्या कपाटावर बोळा लगेच चिकटला. खाली निघाले ते सागवान. फक्त पाठीची फळी कधीतरी बदललेली, प्लायवूडची होती.

आता रंगाची बाजूही मांडली पाहिजे. रंग देणे म्हणजे वस्तूचा अपमान, असे आम्ही मानत नाही. लाकूड दोन-तीन जातींचे असेल, जागोजागी लांबी भरलेली असेल, जळल्याचे मोठे डाग असतील, किंवा वस्तू आधीपासूनच रंगवलेली असेल, तर चांगला रंग हाच शहाणपणाचा उपाय. रंग लाकडाला ओलीपासूनही राखतो. ‘रंगरोगण’ या आपल्या मराठी शब्दातले रोगण फारसीतून आले आहे आणि फारसीत रोगन म्हणजे तेल. म्हणजे शोभेइतकेच राखणेही या शब्दात आहे.

पण सागवानावर रंग देण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, सागातल्या तेलामुळे आणि जुन्या पॉलिशमुळे रंग नीट धरत नाही. योग्य प्रायमर न लावता पांढरा हात मारला तर काही महिन्यांत पिवळट-तपकिरी डाग वर येतात. दुसरी, रंग परत काढता येतो हे अर्धेच खरे. सागाच्या बारीक छिद्रांत पांढरा रंग शिरला की तो पुरता निघत नाही. पॉलिश केलेले कपाट उद्या रंगवता येईल. रंगवलेले पुन्हा पूर्वीसारखे करणे फार कष्टाचे. म्हणून मन ठरत नसेल तर आधी असे काम करावे, जे पुढे बदलता येते.

लहान मुले असलेल्या घरांसाठी एक इशारा. वस्तूवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 पर्यंत मर्यादित करणारा नियम 2016 साली निघाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच असू शकते. त्याची धूळ लहानग्यांच्या बोटांवरून पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला अपाय करते. असा रंग ओल्या पॉलिश पेपरने, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून काढावा. झाडून न घेता ओल्या फडक्याने पुसावे. मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी लांब ठेवावे.

आमच्या कपाटाचा निर्णय असा झाला. बाहेरून पॉलिश. पॉलिशवाल्या चाचांनी आधी सैल झालेल्या बिजागऱ्या बसवल्या, सांधे उघडून पुन्हा चिकटवले. लाकूड नवे करण्याची घाई करू नका, आधी ते मजबूत करा, हे त्यांचे सांगणे. मग स्पिरिटने मळ काढून, हलक्या हाताने घासून, चपड्याचे पातळ पातळ हात दिले. हे काम त्यांनी कोरड्या दिवसांतच केले, कारण पावसाळी दमट हवेत पॉलिशवर पांढरट धुके धरते. आठ दिवस लागले. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला कोणी हात लावला नाही. त्या नोंदींचे फोटो काढून, मराठीत उतरवून आम्ही चाचांना आणि फूफीला पाठवले.

मुलीचा उजेडाचा मुद्दाही सोडून दिला नाही. खोलीच्या भिंतींना फिकट रंग दिला आणि कपाट आरसा खिडकीसमोर येईल असे ठेवले. प्लायवूडची पाठ आतून तिच्या पसंतीच्या पांढऱ्या रंगाने रंगवली, त्यामुळे कपडे शोधायला सोपे झाले. तिची पुस्तकांची मांडणी पॅकिंगच्या लाकडाची आहे. ती तिने स्वतः निळी रंगवली. उर्दू वाचायला कंटाळणारी ही मुलगी सध्या दाराच्या नोंदी एकेक अक्षर लावून वाचते आहे. विहीर कोणत्या साली आटली ते तिने शोधले. गोवर कोणाला निघाला होता ते अजून लागलेले नाही, कारण ते नाव पुसट आहे.

तुमच्याही घरात अशी वस्तू असेल तर ईदच्या घाईत निर्णय घेऊ नका. वारसांना विचारा, आतून-मागून पाहा, कापसाचा बोळा लावून पाहा, सुताराकडून सांधे तपासून घ्या. लाकडात पिठासारखा भुगा पडत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त करा, नाहीतर रंग आणि पॉलिश दोन्ही वाया जातील. जवसाचे तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर उघड्यावर पसरून वाळवा. आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला त्या वस्तूजवळ बसवून एकदा विचारा, ही कोणी, कधी, कशासाठी केली होती? ते उत्तर वहीत लिहून ठेवा. रंगाचा डबा त्यानंतर उघडला तरी चालेल.